१०० मीटर फ्रीस्टाइल: दुसऱ्या ५० मीटरमध्ये वेग का कोसळतो आणि दोष नेमका कुठे शोधायचा

तक्रार नेहमीचीच असते. पहिले ५० मीटर झकास जातात, टर्नपर्यंत सगळं हातात असतं. मग ६५-७० मीटरच्या आसपास हात जड होतात, पाणी पकडीत येईनासं होतं आणि शेवटचे १५ मीटर संपता संपत नाहीत. सराव वाढवला, रोजचे मीटर वाढवले, तरी पुढच्या शर्यतीत तेच घडतं.

अशा वेळी बहुतेक जण 'स्टॅमिना कमी पडतोय' असं ठरवून मोकळे होतात. स्टॅमिना हे एक कारण असू शकतं, पण त्याला पहिला संशयित मानू नये. दुसऱ्या ५० मधली घसरण साधारणपणे चार ठिकाणांहून येते: पहिल्या २५ मधली उधळपट्टी, दमल्यावर मोडणारा स्ट्रोक, खाली जाणारी कंबर आणि ढिसाळ टर्न. चारही दोष पोहणाऱ्याला सारखेच जाणवतात, 'हात संपले' एवढंच कळतं. त्यामुळे जाणिवेवर विसंबून उपाय करू नका, आधी मोजा.

आधी बघा, घसरण खरंच जास्त आहे का

दुसरे ५० मीटर पहिल्यापेक्षा हळू जाणारच. पहिल्यात स्टार्ट ब्लॉकवरून मारलेल्या डाइव्हचा फायदा असतो, दुसऱ्यात फक्त भिंतीला दिलेला धक्का. प्रश्न घसरण किती आहे हा आहे.

पुरुषांच्या १०० मीटर फ्रीस्टाइलचे तीन विश्वविक्रम शेजारी ठेवून पाहा. सेझार सिएलोने २००९ मध्ये रोमला ४६.९१ सेकंद नोंदवले: पहिले ५० मीटर २२.१७, दुसरे २४.७४. दाविद पोपोविचीने २०२२ मध्ये रोमलाच ४६.८६ नोंदवले: २२.७४ आणि २४.१२. पान झानलेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४६.४० नोंदवले: २२.२८ आणि २४.१२. पोपोविची टर्नला सिएलोपेक्षा अर्ध्या सेकंदाहून जास्त मागे होता, तरी परतीच्या ५० मध्ये त्याने ०.६२ सेकंद वसूल केले. सिएलोच्या अंगावर तेव्हा पॉलियुरेथेनचा सूट होता. ते सूट पाण्यावर तरंगायला मदत करत, रोध कमी करत आणि २०१० पासून त्यांवर बंदी आहे. साध्या कापडी सूटमध्ये तो विक्रम मोडायला १३ वर्षं लागली, आणि मोडला तो परतीच्या ५० मीटरांत.

टक्केवारीत बोलायचं तर दुसरे ५० मीटर पहिल्यापेक्षा पोपोविचीचे सुमारे ६ टक्के, पानचे ८ टक्के आणि सिएलोचे साडेअकरा टक्के हळू होते. तुमचा आकडा काढताना सेकंद बघू नका, टक्के बघा. पहिले ५० मीटर २८.० सेकंदांत आणि दुसरे ३०.८ मध्ये असतील तर घसरण १० टक्के आहे. ती ठीकच म्हणायची. २७.५ आणि ३२.० असतील तर ती १६ टक्क्यांवर गेली, म्हणजे नक्की काहीतरी मोडतंय. १२ टक्क्यांच्या आत असाल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तुम्हाला एकूण वेग वाढवायचा आहे, तो वेगळा विषय आहे.

मोजणी: एक स्टॉपवॉच आणि बाजूने घेतलेला व्हिडिओ

पोहण्याचा वेग दोनच गोष्टींच्या गुणाकारातून येतो: दर मिनिटाला किती सायकल होतात (स्ट्रोक रेट) आणि एका सायकलमध्ये शरीर किती पुढे जातं (स्ट्रोकची लांबी). सायकल म्हणजे उजव्या आणि डाव्या हाताचा एकेक स्ट्रोक. वेग पडला तर या दोनपैकी एक तरी पडलेलीच असते. कोणती पडली हे कळलं की निम्मं काम झालं.

५० मीटरच्या तलावात डाइव्ह मारून पूर्ण ताकदीने १०० मीटर पोहा. मोजायला प्रत्येक ५० च्या मधल्या भागातला २० मीटरचा पट्टा घ्या: जाताना २० ते ४० मीटर, येताना ७० ते ९०. डोकं पट्ट्याच्या एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर जाईपर्यंतची वेळ घ्या. त्याच पट्ट्यात उजवा हात पाण्यात शिरल्यापासून तोच हात चौथ्यांदा शिरेपर्यंतची वेळ घ्या, ती झाली तीन सायकलची वेळ. १८० ला त्या वेळेने भागलं की रेट मिळतो. वेग गुणिले एका सायकलची वेळ केली की लांबी मिळते.

उदाहरण घेऊ. जाताना २० मीटर ११.८ सेकंदांत, तीन सायकल ३.५ सेकंदांत: वेग १.६९ मीटर प्रतिसेकंद, रेट ५१, लांबी १.९८ मीटर. येताना २० मीटर १३.३ सेकंदांत, तीन सायकल ३.६ सेकंदांत: वेग १.५०, रेट ५०, लांबी १.८० मीटर. रेट जेमतेम ३ टक्के पडला, लांबी मात्र ९ टक्के. हा पोहणारा दमून मंदावला असं लांबून दिसतं. प्रत्यक्षात त्याचे हात जवळपास त्याच गतीने फिरतायत, फक्त प्रत्येक फेऱ्यात पाणी निसटतंय.

हे तीन वेगवेगळ्या दिवशी करा. एकाच दिवसाच्या आकड्यांवर निदान करू नका. आदल्या दिवशीचा जड सेट किंवा अपुरी झोप चित्र बदलून टाकते. व्हिडिओ शक्य असेल तर पाण्याखालूनही घ्या, कारण कोपर वरून दिसत नाही.

साधारण चार चित्रं दिसतात. लांबी पडली आणि रेट टिकला किंवा वाढला: दोष कॅचमध्ये (हाताने पाणी पकडण्यात), श्वासात किंवा कंबरेच्या पातळीत. रेट पडला आणि लांबी टिकली: सराव सतत संथ रेटवर होतोय, शर्यतीच्या रेटची सवयच नाही. दोन्ही एकदम, तेही शेवटच्या २०-२५ मीटरमध्ये कोसळले: सुरुवात फार जोरात झाली. दोन्ही टिकले आणि तरीही ५० ची वेळ वाईट आली: दोष मधल्या पट्ट्यात नाहीच, भिंतीपाशी आहे.

पहिल्या २५ मधली उधळपट्टी

हे कारण सगळ्यांत सामान्य आणि दुरुस्तीला सगळ्यांत सोपं, म्हणून आधी तपासावं.

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट. त्यातून पुढे जाताना होणारा रोध साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो वेग टिकवायला लागणारी शक्ती घनाने. म्हणजे वेग ३ टक्के वाढवायचा तर शक्ती ९ टक्के जास्त लागते. ५ टक्के वाढवायचा तर जवळपास १६ टक्के. पहिल्या २५ मध्ये ०.४ सेकंद 'कमावण्यासाठी' शरीराने मोजलेली किंमत शेवटच्या २५ मध्ये दीड-दोन सेकंदांच्या रूपात वसूल होते.

स्नायूंतला क्रिएटिन फॉस्फेटचा साठा पहिल्या दहाएक सेकंदांतच बराचसा खर्च होतो. त्यानंतर ग्लुकोज ऑक्सिजनशिवाय जाळण्याची प्रक्रिया मोठा वाटा उचलते आणि स्नायूंत आम्लता वाढत जाते. सुरुवात जितकी बेफाम, तितकी ही आम्लता लवकर साचते आणि ४०-४५ व्या सेकंदाला स्नायू नीट आकुंचन पावेनासे होतात. आव्हान पेलण्याची जिद्द कितीही असली तरी या टप्प्यावर ती उपयोगी पडत नाही.

तपासणी: २५ मीटरचे चारही स्प्लिट, म्हणजे प्रत्येक २५ ची वेगळी वेळ घ्या. पहिल्या २५ मध्ये डाइव्ह असल्याने तो वेगळा ठेवा. दुसऱ्या आणि तिसऱ्या २५ मधला फरक लहान, पण तिसऱ्या आणि चौथ्यामधला मोठा असेल तर हीच भानगड आहे.

दुरुस्ती अशी. लक्ष्य ५८.८ सेकंद असेल तर २८.० अधिक ३०.८ अशी वाटणी ठरवा. दुसऱ्या ५० ची गती म्हणजे दर २५ ला १५.४ सेकंद. आठवड्यातून दोनदा, भिंतीला धक्का देऊन, १६ ते २० वेळा २५ मीटर, प्रत्येक १५.४ सेकंदांत, मध्ये १५ ते २० सेकंद विश्रांती. १५.० मध्ये पोहलात तर तीसुद्धा चूकच मोजा. इथे नेमकी गती अंगवळणी पाडायची आहे. लागोपाठ दोन वेळा लक्ष्य हुकलं की सेट तिथेच थांबवा. मोडक्या स्ट्रोकने सेट 'पूर्ण' केला तर मोडका स्ट्रोकच पक्का होतो.

दहा-बारा दिवसांतून एकदा तुटक १०० घ्या: डाइव्ह मारून ५० मीटर, १० सेकंद थांबा, २५ मीटर, १० सेकंद थांबा, २५ मीटर. एकूण वेळेतून २० सेकंद वजा करा. हा आकडा शर्यतीच्या वेळेपेक्षा थोडा चांगला यायलाच हवा. तो खूपच चांगला येत असेल, म्हणजे तीनेक सेकंदांनी, तर वेग तुमच्यात आहे, वाटणी चुकतेय.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. मोठ्या स्पर्धेआधी टेपर केल्यावर, म्हणजे सराव कमी करत आणल्यावर, शरीर ताजंतवानं असतं आणि पहिले २५ मीटर 'काहीच जोर न लावता' गेल्यासारखे वाटतात. खरं तर ते नेहमीपेक्षा वेगात गेलेले असतात. टेपरनंतर 'पाय-हात मेले' ही तक्रार अनेकदा इथूनच येते. टेपरच्या दिवसांत स्टॉपवॉचवर २५ चे चार-सहा नेमके रिपीट घेणं म्हणून आवश्यक आहे. जाणीव त्या आठवड्यात खोटं बोलते.

कंबर खाली जाणं

फुप्फुसांतल्या हवेमुळे छाती तरंगते, पायांकडचा भाग जड असतो. शरीराला वर ढकलणारं बल छातीच्या बाजूला आणि वजनाचं केंद्र कंबरेच्या बाजूला, त्यामुळे पाय सतत खाली जाऊ पाहतात. किक त्यांना वर धरून ठेवते. अव्वल फ्रीस्टाइल पोहणाऱ्यांतही पुढे नेण्याचं बहुतांश काम हात करतात, पण पाय ढिले पडले की हातांनी केलेलं काम वाया जातं, कारण खाली गेलेली कंबर आणि मांड्या पाण्यासमोर भिंतीसारख्या येतात.

दमल्यावर साखळी अशी चालते: किक मंदावते, कंबर खाली जाते, रोध वाढतो, तोच वेग टिकवायला हात जास्त ओढावे लागतात, ते लवकर थकतात, कोपर पडतं, लांबी कमी होते. पोहणाऱ्याला साखळीचं शेवटचं टोकच कळतं, 'हात संपले'. मग तो जिममध्ये जाऊन हात बळकट करतो आणि दोष पायांत तसाच राहतो.

तपासणी: पुल बॉय (मांड्यांमध्ये धरायचा तरंगता फोम) लावून आणि न लावता, एकाच रेटवर, एकाच जोराने ५०-५० मीटर पोहा. मध्ये तीन मिनिटं विश्रांती. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करा. रेट एकच राहावा म्हणून टोपीत ठेवायचा, ठरावीक तालावर बीप देणारा टेम्पो ट्रेनर वापरा. पुल बॉय लावून वेळ तेवढीच किंवा चांगली आली तर तुमची किक शरीराला वर धरत नाहीये.

दुरुस्तीची सुरुवात डोक्यापासून करा, पायांपासून नव्हे. नजर समोरच्या भिंतीकडे असेल तर डोकं वर, कंबर खाली. नजर तळाकडे, फार तर किंचित पुढे असावी. मान लांब, छाती थोडी दाबलेली. एवढ्यानेच बऱ्याच जणांचे पाय वर येतात.

मग किक. ती मांडीतून निघाली पाहिजे. गुडघा जास्त वाकवून सायकल चालवल्यासारखी किक मारली की मांडी पुढे येते आणि ब्रेक लागतो. पावलं शरीराच्या खोलीच्या बाहेर फारशी जाऊ नयेत. घोटा लवचीक हवा: पाय सरळ करून बसा, पावलं पुढे ताणा, पावलाची वरची बाजू नडगीच्या जवळपास रेषेत यायला हवी. येत नसेल तर रोज टाचांवर बसून ३० सेकंदांचे चार ताण द्या. गुडघा किंवा घोटा दुखत असेल तर हा ताण टाळा. घोट्यातला फरक आठवड्यात दिसत नाही, दोन-तीन महिने लागतात.

किकचा सराव ताजेपणी करून पुरत नाही. मुख्य सेट संपल्यावर ६ ते ८ वेळा ५० मीटर किक घ्या, २० सेकंद विश्रांतीने. पहिली आणि शेवटची वेळ लिहून ठेवा. शर्यतीत किक कामाला येते ती दमलेल्या पायांनी, म्हणून ती तशीच तयार करावी लागते. किकबोर्डवर डोकं वर राहतं आणि कंबर खाली जाते, त्यामुळे शक्य तिथे स्नॉर्केल लावून, हात पुढे सरळ ठेवून किक करा.

श्वास

लांबी पडलेली असेल तर श्वास हा दुसरा संशयित. उजवीकडे श्वास घेताना डावा हात पुढे लांबलेला असतो. डोकं वळवण्याऐवजी उचललं जातं तेव्हा आधारासाठी तो डावा हात पाणी खाली दाबतो. कोपर मनगटाच्या खाली जातं आणि त्या स्ट्रोकचा कॅच संपतो. ताजेपणी हा दोष झाकला जातो. दमल्यावर हवा जास्त लागते, डोकं जास्त उचललं जातं आणि जास्त वेळ बाहेर राहतं.

डोक्याच्या पुढे पाण्याची एक लाट उठते आणि तिच्यामागे, तोंडाजवळ, पाण्याची पातळी खळगा पडल्यासारखी खाली जाते. श्वास त्या खळग्यात घ्यायचा आहे. एक गॉगल पाण्यात राहिला पाहिजे. डोकं धडाबरोबर वळतं आणि उजवा हात पुढे येऊन पाण्यात शिरण्याआधी चेहरा खाली परतलेला असतो. व्हिडिओत हात शिरल्यावरही चेहरा बाहेर दिसला तर श्वास उशिरा आहे.

बहुतेकांचा खरा दोष मात्र उच्छ्वासात असतो. पाण्याखाली श्वास रोखून ठेवला की बाहेर आल्यावर आधी हवा सोडायची आणि मग घ्यायची, अशा दोन कामांना वेळ पुरत नाही. चेहरा पाण्यात जाताच नाकातोंडातून हवा सोडायला सुरुवात करा, तोंड बाहेर येण्याच्या क्षणी जोरात रिकामं करा.

शर्यतीत कमी श्वास घेण्याचा हट्टही नडतो. डाइव्हनंतरच्या २५ मध्ये दोन-तीन श्वास, टर्नपर्यंत दर दोन सायकलला एक आणि टर्ननंतर दर सायकलला एक ही वाटणी बहुतेकांना चालते. शेवटच्या ५ मीटरमध्ये श्वास नको. पहिल्या ५० मध्ये श्वास रोखून मिळवलेले शतांश सेकंद कार्बन डायऑक्साइड साचल्यावर दुप्पट परत द्यावे लागतात.

श्वास रोखून पाण्याखाली लांब पोहण्याचे सेट यावर उपाय म्हणून करू नका. आधी भराभर श्वास घेऊन मग बुडी मारणं तर कधीच नको. शुद्ध हरपण्याआधी कोणताही इशारा मिळत नाही आणि उत्तम पोहणारेही यात बुडाले आहेत.

कॅच: दमल्यावर पडणारं कोपर

हात पाण्यात शिरल्यावर बोटं खाली, कोपर वर आणि तळहातापासून कोपरापर्यंतचा भाग मागच्या भिंतीकडे तोंड करून हवा. हा सगळा पृष्ठभाग पाणी पकडतो. कोपर खाली पडलं की तळहात पाणी खाली ढकलतो आणि शरीर पुढे जाण्याऐवजी वर-खाली होतं. जोर तेवढाच लागतो, म्हणून पोहणाऱ्याला कळत नाही.

हात खांद्याच्या रेषेत शिरतोय ना, हेही बघा. डोक्यासमोरची मधली रेषा ओलांडून शिरत असेल तर कंबर डावी-उजवीकडे वळवळते आणि खांद्यावर वाईट ताण येतो.

दुरुस्तीसाठी २५ मीटर पुढे हात ठेवून स्कलिंग (तळहात आत-बाहेर हलवत पाण्याचा दाब जाणवून घेणं), २५ मीटर मुठी वळून, २५ मीटर पूर्ण स्ट्रोक, असे सहा फेरे सरावाच्या सुरुवातीला घ्या. मुठी वळल्यावर पाणी पकडायला मनगट ते कोपर एवढाच भाग उरतो, त्यामुळे कोपर आपोआप वर राहायला शिकतं. पॅडल (तळहाताला बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या) वापरायचे तर तळहातापेक्षा जेमतेम मोठे. मोठ्या पॅडलने वेग वाढल्यासारखा वाटतो, कारण चुकीच्या कॅचलाही ते पाणी पकडून देतात. वर खांद्याचं नुकसान होतं. खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागलं की पॅडल बंद आणि फिजिओथेरपिस्टकडे जा, 'पोहता पोहता मोकळं होईल' म्हणून पुढे ढकलू नका.

पण ड्रिलवर थांबलात तर दुसऱ्या ५० मध्ये काही बदलणार नाही. ताजेपणी कोपर सगळ्यांचंच वर असतं. आठवड्यातून दोनदा असा सेट घ्या: ७५ मीटर दमदार, १० सेकंद विश्रांती, मग २५ मीटर शर्यतीच्या वेगाने, स्ट्रोक मोजत. दोन मिनिटं विश्रांती, एकूण सहा ते आठ वेळा. पहिल्या फेरीत २५ मीटरला १८ स्ट्रोक लागले असतील तर शेवटच्या फेरीत १९ च्या वर जायचं नाही आणि वेळही पडू द्यायची नाही. या सेटमध्ये फक्त घड्याळ बघणारा पोहणारा हात भराभर फिरवून वेळ वाचवतो. फक्त स्ट्रोक मोजणारा तरंगत राहतो. दोन्ही आकडे एकत्र बोलून दाखवायला लावा.

टर्न आणि शेवटचे ५ मीटर

भिंतीआधीच्या ५ मीटरपासून भिंतीनंतरच्या १० मीटरपर्यंतची वेळ घ्या: एकदा ताज्या ५० नंतर, एकदा जोरदार सेटच्या शेवटी. फरक मोठा असेल तर इथे काम आहे. २५ मीटरच्या तलावात १०० मीटरला तीन टर्न येतात, त्यामुळे टर्न चांगला असलेला पोहणारा तिथे चमकतो आणि ५० मीटरच्या तलावात दुसऱ्या लेंथला उघडा पडतो. उलट घडत असेल तर टर्न वाईट आहे हे मोजल्याशिवायही समजा.

शेवटच्या दोन स्ट्रोकला श्वास नको. तिथे डोकं वळलं की फ्लिप (भिंतीपाशी मारायची कोलांटी) मंदावतो. पावलं एकमेकांत कंबरेच्या रुंदीएवढं अंतर ठेवून भिंतीला लागावीत, गुडघे साधारण काटकोनात किंवा थोडे उघडे. फार जवळ गेलात तर गुडघे गच्च मिटतात आणि धक्का द्यायला वेळ लागतो. लांब राहिलात तर धक्काच मिळत नाही. ढकलताना शरीर अर्धा मीटर खोल हवं. पृष्ठभागाजवळ शरीर लाटा उठवतं आणि त्यात शक्ती जाते. थोडं खाली हा तोटा कमी असतो.

भिंत सोडताना वेग पोहण्याच्या वेगापेक्षा बराच जास्त असतो. लगेच किक मारली तर पायांच्या हालचालीने रोध वाढतो आणि मिळालेला वेग मारला जातो. फार उशीर केला तर तो वेग पोहण्याच्या वेगाखाली जातो. हात कानांमागे घट्ट, एक क्षण स्ट्रीमलाइन (शरीर बाणासारखं सरळ), मग डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून). किती किक हे दुसऱ्याचं बघून ठरवू नका. नियम १५ मीटरपर्यंत पाण्याखाली राहू देतो, पण तेवढं राहिलंच पाहिजे असं नाही. तीन, पाच आणि सात किक मारून भिंतीपासून १५ मीटरची वेळ घ्या आणि जी संख्या दमल्यावरही सर्वांत कमी वेळ देते ती ठरवून टाका. बहुतेकांचं असं होतं की सरावात पाच किक आणि शर्यतीत दोन. बाहेर आल्यावर पहिल्या स्ट्रोकला श्वास नको, दुसऱ्यालाही टाळता आला तर उत्तम.

शेवटी भिंतीला स्पर्श करताना हात अर्धवट असताना तरंगत जाऊ नका. शेवटच्या ५ मीटरमध्ये स्ट्रोक लहान करून का होईना, हात पूर्ण लांबवूनच भिंत गाठा.

खरंच दम कमी पडत असेल तर

वरचं सगळं तपासल्यावर लांबी आणि रेट दोन्ही हळूहळू, सारखेच पडत असतील तर एरोबिक पाया कमी आहे. सुमारे मिनिटभर चालणाऱ्या शर्यतीत ऊर्जेचा जवळपास निम्मा वाटा ऑक्सिजनवर चालणाऱ्या प्रक्रियेचा असतो, त्यामुळे १०० मीटरवाल्यालाही याची गरज आहे.

४०० मीटर आणि २०० मीटर वेगवेगळ्या वेळी पूर्ण जोराने पोहा. २०० ला दोन्ही वेळांच्या फरकाने भागा. ४०० ला ५ मिनिटं २० सेकंद आणि २०० ला २ मिनिटं ३० सेकंद लागले तर फरक १७० सेकंद, म्हणजे १.१८ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे दर १०० ला ८५ सेकंद. या गतीने १० ते १२ वेळा १०० मीटर, १५ ते २० सेकंद विश्रांतीने, आठवड्यातून दोनदा. याव्यतिरिक्त आठवड्यातून एकदा ४ ते ६ वेळा ५० मीटर पूर्ण जोरात, चार मिनिटं विश्रांती देऊन. या जड सेटनंतर ४८ तास दुसरा जड सेट नको. संथ मीटर वाढवत नेल्याने १०० मीटरच्या दुसऱ्या ५० मध्ये फारसं काही हाती लागत नाही. त्यात सवय होते ती संथ रेटची.

टेपर करताना दोन आठवड्यांत मीटर साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करा, पण वेगवान भाग तसाच ठेवा. फक्त आरामच केला तर स्ट्रोकचा ताल जातो. शर्यतीच्या दिवशी वॉर्मअप आणि शर्यत यांत पाऊण-एक तास गार बसावं लागलं तर सगळी मेहनत थंड होते. कोरडे कपडे घाला, हालचाल चालू ठेवा.

झोप पुरेशी असूनही कित्येक आठवडे थकवा, धाप आणि घसरण चालूच राहिली तर तंत्राच्या मागे न लागता डॉक्टरकडून हिमोग्लोबिन आणि लोहाची तपासणी करून घ्या. मुलींमध्ये हे कारण वारंवार सुटतं.

शरीरयष्टीबद्दल

उंची, लांब हात, मोठी पावलं यांचा फायदा खरा आहे. लांब शरीर पृष्ठभागावर लाटांचा कमी रोध सोसतं. मायकेल फेल्प्सची उंची १९३ सेंटीमीटर आणि हातांचा पल्ला सुमारे २०१ सेंटीमीटर सांगितला जातो. पण उंची पहिल्या ५० मध्ये आणि दुसऱ्या ५० मध्ये सारखीच असते. तुमची घसरण १६ टक्के असेल तर तिचं कारण उंची नाही.

दुरुस्तीचा क्रम आणि पुन्हा मोजणी

एकाच वेळी चारही दोषांना हात घालू नका. आधी पहिल्या २५ ची गती, कारण तिचा परिणाम त्याच आठवड्यात दिसतो. मग श्वास आणि टर्न, तीन-तीन आठवडे. कॅच आणि किक यांना सहा ते आठ आठवडे द्या. एरोबिक काम या सगळ्यांच्या जोडीने चालू राहू शकतं.

दर तीन आठवड्यांनी तोच मधला २० मीटरचा पट्टा, त्याच तलावात, तशाच विश्रांतीनंतर मोजा. कॅच किंवा किक बदलताना पहिल्या मोजणीत एकूण वेळ सुधारलेली दिसणार नाही, कधी थोडी बिघडेलही, कारण नवा स्ट्रोक अजून मंद रेटवरच जमतो. तेव्हा वेळ बाजूला ठेवून ७० ते ९० मीटरच्या पट्ट्यातली लांबी बघा. १.८० ची १.८६ झाली असेल तर दिशा बरोबर आहे. पुढचे तीन आठवडे टेम्पो ट्रेनरवर रेट एकेक सायकलने वाढवत न्या आणि ज्या रेटला लांबी पुन्हा १.८० वर घसरते, त्याच्या एक सायकल खाली थांबून तिथेच सराव करा.